कोरडं पेट्रोल

अण्णा, तुमची गाडी चालू झाली. पहिल्या किकला नाही. किती किका मारल्या ते मोजलं नाही, पण दोन दिवस झाले उजवी पोटरी धरली आहे आणि जिना उतरताना मी कठडा धरून एकेक पायरी उतरते. आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत सगळ्यांना वाटतंय की माझे गुडघे गेले. वाटू दे. चोपन्नाव्या वर्षी मोटारसायकलला किक मारून पाय आखडला हे सांगण्यापेक्षा गुडघे गेले हे बरं. धूर तुमच्या वेळी यायचा तेवढाच येतो आणि आवाजही तोच. तो आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आई चहाचं आधण ठेवायची. परवा तो इतक्या वर्षांनी ऐकला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही असं नाही, पण एखादं मिनिट टिकला. मग लाज वाटली, ती अजून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मोहन्याची आपली चाळ पाडताहेत, तिथे आता बिल्डिंग होणार. दादाचा फोन आला की जिन्याखालची गाडी उचलावी लागेल, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. तुम्ही ताडपत्री घालून उभी केलीत त्या दिवसापासून ती तिथेच होती. दर दसऱ्याला तुम्ही ताडपत्री काढून ती पुसायचात, झेंडूचा हार घालायचात, आणि पुन्हा झाकून ठेवायचात. तुमच्यानंतर आईने तेच केलं आणि आईनंतर दादाने. बंद गाडीला हार घालणारं अख्ख्या मोहन्यात आपलं एकच घर असेल. भंगार हा शब्द ऐकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, देऊ नकोस, मी घेते. दादा हसला. आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. शाळेच्या ऑफिसातली माझी नोकरी आता संपत आली आहे, हे दोन वर्षांपूर्वीच घरी बसलेत, त्यात हे लोखंड कशाला? हौसेला मोल नसतं म्हणतात, पण आपल्या घरात असतं, असं ते म्हणाले. त्यांना मी हौस आहे असंच सांगितलं. हौस नव्हती, अण्णा.

कल्याणला वालधुनीच्या बाजूला एक म्हातारा मेकॅनिक सापडला. आता दोन स्ट्रोकच्या, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं अशा जुन्या गाड्यांशिवाय कशाला हात लावत नाही. त्याला मी पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं की माझी ऐपत बेताची आहे. जे आतून लागेल ते नवीन घाल, बाहेरून दिसणारं आहे तसं राहू दे, आणि जे काम माझ्याच्याने होईल ते मला दे. त्याला ते आवडलं. मग सात-आठ महिने दर रविवारी मी ठाण्याहून कल्याणला. टाकीत गंज धरला होता, तो काढायचं औषध महाग. मी घरून चिंचेचा कोळ नेला, देवाची भांडी घासताना करतो तसाच, फक्त बादलीभर. त्यात मूठभर जुने नट टाकून टाकी हलवत बसले. तांबडं पाणी निघालं, मग काळं, मग स्वच्छ. सायलेन्सरचा गंज पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाने घासला. टायर दुसऱ्या कुणाच्या गाडीचे. रंग दिलाच नाही. टाकीवर तुमच्या गुडघ्यांनी दोन बाजूंना रंग उडालेला आहे, तो तसाच ठेवला, आणि पैसे वाचले म्हणून नाही.

इंजिन उघडलं त्या रविवारी त्याने मला हाक मारली. हातात पिस्टन होता. त्याच्या एका अंगाला उभे ओरखडे होते, मांजराने ओरबाडल्यासारखे. तो म्हणाला, "ताई, ही गाडी कुनीतरी ऑइल न टाकता पळवलेली. एकदाच. बाकी इंजिन बघा, इतकं निगुतीने वापरलेलं मी कमी बघितलंय. हा मानूस चुकनारा नव्हता." मग थोडं थांबून त्याने विचारलं, वडील विसरले का? मी मान हलवली. होकारार्थी. तोंडातून शब्द काढला नाही, तेवढीही हिंमत नव्हती, नुसती मान हलवली आणि फडक्याने हात पुसत बसले. पस्तीस वर्षांनी, एका अनोळखी माणसासमोर, ज्याला खरं सांगितल्याने माझं काहीही जाणार नव्हतं, तिथेही मी तुमच्यावरच ढकललं. घरी येताना मला स्वतःची किळस आली. म्हणून आता सगळं सांगते.

मी एकोणीस वर्षांची आहे. गाडी तुम्हीच मला शिकवलीत, तुम्ही ज्या रेयॉन कारखान्यात बॉयलरवर होतात त्याच्या भिंतीला लागून जो रस्ता जातो त्याच्यावर, पहाटे, लोक बघू नयेत म्हणून नाही तर ट्रक नसतात म्हणून. चाळीतल्या बायका आईला म्हणाल्या होत्या की मुलीला हे कशाला. तुम्ही म्हणालात, मुलीला बॉयलर शिकवायचा होता, तिथे बायकांना घेत नाहीत, म्हणून गाडी शिकवतोय. परवानगी कल्याणपर्यंतची. त्याच्या पुढे डोंबिवलीकडे टँकर असतात, तिकडे जायचं नाही. आणि पेट्रोल भरलंच तर पंपावरचं ऑइल घ्यायचं नाही. तुमचा त्यांच्या ऑइलवर भरवसा नव्हता. गाडीच्या बाजूच्या डब्यात तुमची स्वतःची ऑइलची बाटली, तिच्यावर ब्लेडने केलेल्या खुणा, आणि खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं ते प्लॅस्टिकचं माप. पंपावरचा माणूस ऑइल किती विचारायचा आणि तुम्ही त्याच्याकडे न बघता म्हणायचात, ऑइल नको, आपलं आहे. मला ते फार ऐटबाज वाटायचं.

त्या दिवशी मी डोंबिवलीला गेलेच. कॉलेजातल्या मैत्रिणींना दाखवायचं होतं, दुसरं काहीही कारण नव्हतं. कुणी मुलगा नव्हता, काही अडलं नव्हतं, नुसता तोरा. तिघीजणी पंपाजवळ उभ्या होत्या आणि मी त्यांच्यादेखत पेट्रोल भरलं. माणसाने विचारलं, ऑइल किती? मी तुमच्यासारखीच त्याच्याकडे न बघता म्हणाले, ऑइल नको, आपलं आहे. मैत्रिणी बघतच राहिल्या. त्यातली एक लगेच मागे चढून बसली, मला एक चक्कर मारून आण म्हणाली, आणि मी निघाले. बाटली डब्यातच राहिली. मला तुमचं वाक्य तेवढं पाठ होतं, त्याच्या पुढचं काम नव्हतं.

परतताना पत्री पुलाच्या चढावर मागचं चाक अडकलं. गाडी घसरली, आणि माझा हात आपोआप क्लचवर गेला, कारण तुम्ही पन्नासदा सांगितलं होतं, चाक अडलं की आधी क्लच, मग बाकीचं. पडले नाही. एका रिक्षावाल्याने गाडी बाजूला घ्यायला मदत केली, इंजिन तापलंय, जरा थंड होऊ दे म्हणाला. वीस मिनिटांनी चालू झाली, पण आत काहीतरी वाजत होतं, डब्यात सुपारी पडल्यासारखं. मी हळूहळू मोहन्याला आले, जिन्याखाली लावली, आणि घरात येऊन आईला पालेभाजी निवडून दिली. अगदी खरं सांगते, काय झालं ते मला तेव्हा कळलंच नव्हतं.

कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही पहिल्या पाळीला निघालात, किक मारली, आणि दोन सेकंदांत बंद केलीत. मी खिडकीतून बघतेय. तुम्ही टाकीचं झाकण उघडून बोट बुडवलंत, आणि अंगठ्याने बोट चोळलंत. ऑइल असलं की बोटांना ओशटपणा राहतो. तुम्ही पुन्हा बुडवलंत, पुन्हा चोळलंत. पेट्रोल उडून गेलं आणि बोटं कोरडी. मग डबा उघडून बाटली उजेडात धरलीत. ती खुणेपर्यंत भरलेली. मी खिडकीपासून मागे सरकले.

तुम्ही आत आलात. मी चहात पोळी बुडवून खात होते, आई ओट्याशी, दादा बाहेर गेलेला. तुम्ही विचारलंत, "काल पेट्रोल भरलंस का गं?" मी म्हणाले, नाही. तुम्ही म्हणालात, "मी रागावणार नाही. फक्त सांग." आणि मी तुमच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही अण्णा, भरलंच नाही. कल्याणपर्यंत तर गेलेले."

मी बघत होते आणि तुमचा चेहरा बदलत होता. मी खोटं बोलेन ही शक्यता तुमच्या मनाला शिवलीच नाही. मुलगी म्हणते भरलं नाही, दादा गाडीला हात लावत नाही, मग पेट्रोल भरणारा एकच माणूस उरतो, आणि त्या माणसाला भरलेलं आठवतसुद्धा नाही. तुम्ही आईला म्हणालात, मी ऑइल घालायचं विसरलो, आणि भरलं कधी तेही विसरलो. आई म्हणाली, होतं असं कधीतरी. तुम्ही म्हणालात, मला होत नाही. मग माझ्याजवळ आलात. माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "चाक अडकून पडली असतीस गं तू. माझ्यामुळे." तुम्ही माझी क्षमा मागितलीत, अण्णा. शब्दाने नाही, पण तो हात क्षमा मागत होता, आणि मी तो ठेवू दिला. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी पोळीचा पुढचा घास घेतला.

वाटलं होतं, गाडीचं काम निघेल, चार दिवस चर्चा होईल, विषय मिटेल. मला तुमचा बॉयलर आठवायला हवा होता. तुम्हीच सांगायचात, बॉयलरवर दुसरी चूक करायला माणूस उरत नाही. तुमच्या पाळीतला एकजण पाण्याचा पंप चालू करायला विसरला होता, तेव्हा तुम्ही साहेबांकडे जाऊन त्याला बॉयलरवरून काढायला लावलं होतंत. तो तुमचा मित्र होता. त्याची बायको आपल्या दारात येऊन आईला टाकून बोलली, तरी तुम्ही बधला नाहीत. विसरणाऱ्याने आगीपाशी उभं राहायचं नाही, मग तो कुणी का असेना. तो नियम तुम्ही आठ दिवसांत स्वतःला लावलात. एका संध्याकाळी घरी आलात आणि चपला काढता काढता म्हणालात की मी बॉयलर सोडला, स्टोअरला मागून घेतलं. साहेबांनी कितीतरी समजावलं म्हणे. आईने विचारलं, अहो, एका पेट्रोलपायी? तुम्ही म्हणालात, आज पेट्रोल, उद्या पाणी.

स्टोअरमध्ये तुम्ही नट आणि हातमोजे वाटलेत, निवृत्त होईपर्यंत. गाडी दुरुस्त करून घेतली नाहीत, कारण आता चालवायचीच नव्हती. घराला कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जायचात आणि परत येऊन कुलूप ओढून बघायचात. गॅसच्या मागे भिंतीवर खडूने तारखा लिहायचात, बंद केला, बंद केला. पहिल्यांदा आई चेष्टा करायची, नंतर करेनाशी झाली. ज्या माणसाच्या हाताला बॉयलरच्या काचेतलं पाणी न बघता कळायचं, तो माणूस स्वतःच्या हातावर विश्वास ठेवेना. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही एक जाड डायरी आणलीत. "मला उशिरा कळलं. तू आतापासून लिहीत जा, आपल्या रक्तात असेल ते." मी पाया पडून ती घेतली. तुम्ही कधीही काहीही विसरला नाहीत, अण्णा. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात नर्सला सांगत होतात की दुपारची पांढरी गोळी राहिली. ती खरंच राहिली होती. आणि लगेच पुढे म्हणालात, माझ्या बोलण्यावर जाऊ नका, कागद बघून घ्या.

एवढी वर्षं का सांगितलं नाही याचं उत्तर मी खूप शोधलं. पहिल्या दिवशी भीती होती, गाडी बंद होईल याची. गंमत बघा, गाडी तशीही बंदच झाली. तुम्ही बॉयलर सोडलात तेव्हा भीती मोठी झाली, कारण आता सांगायचं म्हणजे नुसतं ऑइल नाही, तुमची नोकरी सांगायची. मग जितके दिवस गेले तितकं ते जड होत गेलं. आणि एक कारण असं आहे जे लिहितानाही हात अडतो. तुम्ही मला खरं बोलणारी मुलगी समजत होतात. तुमच्या डोक्यापेक्षा माझ्या शब्दावर तुमचा जास्त विश्वास होता. तो मला सोडवेना. तुमचा तुमच्यावरचा विश्वास गेला तो गेला, माझ्यावरचा राहू दे, असा हा हिशेब होता. मी इतकी स्वार्थी आहे.

परवा दादा वालधुनीला आला होता. गाडीच्या कागदांवर अजून तुमचंच नाव आहे, ते बदलायला वारस म्हणून त्याची सही लागते. सही झाली, गाडी चालू झाली, दादाचे डोळे भरले. मी म्हटलं, बस, गल्लीतून एक चक्कर मार. तो मागे सरकला. नको म्हणाला. मग बाकड्यावर बसून त्याने कारण सांगितलं. तो शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो हे तुम्हाला माहीत नाही, तुम्ही गेल्यानंतरचं आहे. तेवीस वर्षं चालवतोय. हल्ली चष्मा कुठे ठेवला आठवत नाही, एकदा गॅसवर दूध ठेवून निघून गेला. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की काही नाही, वय आणि दगदग. त्याला पटत नाही. "अगं, डॉक्टरला काय माहीत आपल्या घरचं? अण्णांना याच वयात सुरू झालेलं. बारा पोरं असतात गाडीत. अण्णांनी बॉयलर सोडला, मी व्हॅन सोडणार. गिऱ्हाईक पण बघून ठेवलंय." तुमचा नियम. तुमच्याच आवाजात.

म्हणून मी सांगितलं. मेकॅनिक आत काहीतरी ठोकत होता, आणि मी दादाला म्हटलं की अण्णा विसरले नव्हते, ऑइल मी विसरले होते. डोंबिवली सांगितली, पंप सांगितला, मैत्रिणी, पत्री पूल, सगळं सांगितलं. मला वाटलं आता उठून जाईल, आणि जायलाच हवा होता. पण त्याचा श्वास मोकळा झालेला मला दिसत होता. म्हणाला, "म्हणजे आपल्या घरात ते नाहीच." मी म्हटलं, नाही. मग त्याने विचारलं, अण्णांना सांगितलं का नाहीस? मी म्हणाले, भीती वाटली रे, आणि त्यांनी मला कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

त्याला ते लगेच पटलं. म्हणाला, हो, अण्णांचं तसंच होतं, मनातल्या मनात ठेवायचे. विचारायला काय जात होतं त्यांचं? उगाच आयुष्यभर स्वतःला कोसत बसले. मग माझ्या पाठीवर थापटलं, एकोणीस वर्षांची पोर होतीस, जाऊ दे म्हणाला, आणि कोपऱ्यावरून दोन वडापाव घेऊन आला. व्हॅन विकत नाही म्हणाला. मी तो वडापाव खाल्ला, सगळा.

तुम्ही विचारलं होतंत. दोनदा विचारलंत, आणि रागावणार नाही असंही म्हणालात. ते ऐकणारी आई गेली, आता मी एकटीच उरले आहे. दादाला आता वाटतंय की चूक थोडी तुमचीही होती, आणि तसं मी त्याला वाटू दिलं. खरं तर हे सगळं त्याला लिहायचं होतं. तो मोहन्यातच भाड्याने राहतो, पत्ता मला पाठ आहे, आणि परवाच्या कागदपत्रांतलं एक कोरं पाकीटही उरलं आहे. पण कागद पुढे ओढला आणि वर अण्णा असं लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.